हायड्रोजेल आणि चुंबक : एका संयोगाचा इतिहास

बाह्य उद्दीपनाला प्रतिसाद देणाऱ्या चुंबकीय हायड्रोजेल कणांचा इतिहास नॅनोतंत्रज्ञानापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे. या कणांचे मूळ प्रागमध्ये सापडते. पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात न विरघळणारे बहुवारिकांचे जाळे शरीरात वापरण्यास योग्य ठरेल, हा विचार ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. त्यापूर्वी, १९५८ मध्ये, विख्टर्ले यांना राजकीय कारणांवरून अध्यापनातून दूर करण्यात आले होते. १९६१ च्या नाताळात त्यांनी ‘मेर्कुर’ या खेळण्याचे सुटे भाग व सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र उभारले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. अमेरिकेत अशा लेन्सला १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

हे जेल मात्र निष्क्रिय होते. जेलचे आकारमान विशिष्ट परिस्थितीत एकाएकी बदलू शकेल, हे भाकीत प्रागच्याच संस्थेतील कारेल दुशेक यांनी डोनाल्ड पॅटरसन यांच्यासह १९६८ मध्ये केले. त्याचा प्रायोगिक पडताळा तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत दिला. गंमत अशी की, ताज्या जेलमध्ये न आढळणारा हा बदल बरेच दिवस ठेवलेल्या जेलमध्ये दिसला. कारण कालांतराने त्यात विद्युतभारित गट निर्माण झाले होते. तानाकांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि दुशेक-पॅटरसन यांचा उल्लेख तळटीपेपुरता उरावा, हे न्याय्य नव्हे.

चुंबकाचा प्रवाह स्वतंत्र होता. प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात लोह ऑक्साइडचे कण तापतात, या गुणाचा कर्करोगावरील उपचारासाठी उपयोग करण्याचा प्रयत्न गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच केला होता. असे कण जेलमध्ये बसवून चुंबकाने वाकणारी, लांबणारी ‘फेरोजेल’ मिक्लोश झ्रिन्यी यांच्या गटाने १९९० च्या दशकात बुडापेस्टमध्ये अभ्यासली. कण तापले की जेल आकुंचन पावते व त्यातील औषध बाहेर पडते, ही कल्पना या दोन प्रवाहांच्या संगमातून साकारली. त्यासाठी बहुधा वापरले जाणारे पॉलि-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड सुमारे ३२ अंश सेल्सिअसलाच आकुंचन पावते. म्हणजे ३७ अंशांच्या शरीरात चुंबकाची वाट न पाहताच! म्हणून त्यात अधिक जलस्नेही घटक मिसळून ही मर्यादा शरीराच्या तापमानापलीकडे न्यावी लागते.

मेंदूतील गाठीत टोचून चुंबकीय क्षेत्राने तापवायच्या लोह ऑक्साइड कणांच्या द्रवाला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. त्या द्रवात हायड्रोजेल नव्हते.