डबीभर तेलाची गोष्ट

नमनाला घडाभर तेल नको, सरळ मुद्द्यावर येतो. विषय तेलाचाच आहे, पण घडाभर नव्हे, डबीभर. 'ऑईल कॅच कॅन' नावाची ॲल्युमिनियमची एक डबी हल्ली हौशी गाडीवाले बॉनेटखाली बसवून घेतात. ती बसवावी की नाही यावर माझ्या भाच्याचं आणि माझं गेले तीन आठवडे फोनवर चालू आहे. तो शिकायला इकडे लॉस एंजेलिसला आला आणि वर्षभरात त्याने एक वापरलेली टर्बो गाडी घेतली. मी या गावात पंचवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही डबी म्हटलं की मला इंजिनाआधी इथलं आकाश आठवतं. का, ते सांगतो. गाड्यांत रस नसलेल्या मावश्या-काकांनीही वाचायला हरकत नाही :)

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा सगळा वायू सायलेन्सरकडे जात नाही. पिस्टनला कितीही चांगल्या रिंगा असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला 'चेंबर' म्हणतात तिथे, जमतो. इंजिन म्हातारं झालं की हे प्रमाण वाढतं. चालू इंजिनावर ऑईलचं झाकण काढून आत डोकावणारा आणि "बॅक कॉम्प्रेशन मारतंय साहेब, काम काढावं लागणार" असं सांगणारा मेकॅनिक तुम्ही पाहिला असेलच. या निसटलेल्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात आणि पाण्याची वाफ असते. (एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.) ही वाफ आतच कोंडली तर ऑईलचा चिखल होतो आणि दाब वाढून सील गळायला लागतात. तेव्हा तिला बाहेर काढणं भाग आहे.

जुन्या लोकांनी सोपा उपाय केला होता. चेंबरमधून एक नळी काढायची, ती गाडीखाली रस्त्याच्या दिशेने सोडायची आणि तिचं तोंड तिरकं कापायचं. गाडी पळायला लागली की वाऱ्याने नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि आतली वाफ आपोआप ओढली जाते. अमेरिकेत १९६० च्या आसपासपर्यंत बहुतेक गाड्यांना अशीच नळी होती. गाडी सिग्नलला उभी राहिली की ती जवळजवळ काम करत नसे, आणि पळताना वाफेबरोबर ऑईलचे थेंबही टाकत जाई. त्या काळच्या रस्त्यांच्या फोटोंत लेनच्या बरोबर मधोमध एक काळा पट्टा दिसतो, तो याच थेंबांचा. पहिल्या पावसात लेनच्या मधून मोटरसायकल चालवू नका, असं इथे अजूनही शिकवतात.

थेंब रस्त्यावर पडले, वाफेचं काय? ती हवेत जायची, आणि लॉस एंजेलिसची हवा कुठे जात नाही. तिन्ही बाजूंना डोंगर, चौथीकडे समुद्र, वर उबदार हवेचं झाकण. २६ जुलै १९४३ ला शहरावर इतका दाट, डोळे झोंबवणारा धूर उतरला की लोकांना वाटलं जपान्यांनी विषारी वायू सोडला. युद्ध चालू होतं, संशय साहजिकच होता. मग खापर फुटलं एलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनत असे. तो काही काळ बंद ठेवला, पण धूर काही गेला नाही. पुढे परसात कचरा जाळायच्या भट्ट्यांवर बोट ठेवलं गेलं आणि १९५७ मध्ये त्या बंद झाल्या. तरीही धूर होताच.

उलगडा केला तो अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाने. आरी हागेन-स्मिट, मूळचा डच, पासाडेनाच्या कॅल्टेकमध्ये जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक. फळाचा स्वाद कशात असतो हे शोधायला तो वाफा थंड करून त्यांचे थेंब गोळा करत असे. तीच युक्ती त्याने शहराच्या हवेवर वापरली. हवा थंड नळ्यांतून ओढली, आणि तळाशी काही थेंब जमले. तपकिरी, उग्र, घाण वासाचे. पुढे १९५२ मध्ये त्याने प्रसिद्ध केलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि हा धूर म्हणजे तीच रासायनिक खिचडी आहे. ओझोनने रबराला भेगा पडतात, म्हणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला तडा जायला किती वेळ लागतो यावरून तो हवा मोजत असे. मोटार कंपन्यांना हे सहजासहजी पटलं नाही. १९५३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीचे सुपरवायझर केनेथ हान यांनी फोर्डला पत्र लिहून विचारलं, तर उत्तर आलं की या वाफा हवेत लवकर विरून जातात, काळजीचं कारण नाही. म्हणजे गंगेत घोडं न्हायला अजून बरीच वर्षं होती.

माझ्या शेजारी इथेच जन्मलेले एक आजोबा राहतात. ते सांगतात, लहानपणी खेळून घरी आलो की दीर्घ श्वास घेताना छातीत दुखायचं, आणि सगळ्याच पोरांचं दुखायचं म्हणून ते दुखणं आहे असं कुणाला वाटतच नसे. माझ्या खिडकीतून आज सॅन गेब्रिएलचे डोंगर दिसतात. त्यांच्या आईच्या खिडकीतूनही तेच डोंगर होते, पण उन्हाळ्यात आठवडे न् आठवडे दिसत नसत.

गाडीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनापैकी साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नव्हता, तो त्या खालच्या नळीतून येत होता, हे कळल्यावर पहिला घाव तिथेच बसला. ते सोपंही होतं. नळी रस्त्यावर सोडण्याऐवजी इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडायची, म्हणजे इंजिन आपलीच वाफ पुन्हा जाळून टाकेल. मध्ये स्प्रिंगवाला एक छोटा व्हॉल्व्ह. गाडी नुसती उभी असताना ओढ जोरात असते तेव्हा तो वाट अरुंद करतो, रेस दिली की मोकळी करतो, आणि इंजिन उलटं भडकलं तर बंद होतो. हाच पीसीव्ही व्हॉल्व्ह. कल्पनाही नवी नव्हती, दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांत ती वापरली होती, कारण उघड्या नळीतून पाणी आत शिरलं असतं. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना १९६१ च्या मॉडेलपासून आणि देशभरात १९६३ पासून हा व्हॉल्व्ह लागला. अमेरिकेतल्या मोटारींवरचं हे पहिलं प्रदूषण-नियंत्रण. काही डॉलरांचा तुकडा, आणि वर इंजिनाचा चिखलही कमी झाला!

आता डबीकडे येतो. पुन्हा ओढलेल्या वाफेत ऑईलचा बारीक तुषार असतोच. पूर्वी त्याचं विशेष काही वाटत नसे, कारण पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा आणि ती धुऊन निघायची. १९९६ मध्ये मित्सुबिशीने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं इंजिन बाजारात आणलं आणि नंतर बहुतेक सगळे त्या वाटेला गेले. मायलेज सुधारलं, पण व्हॉल्व्हची अंघोळ बंद झाली. ऑईल तिथेच करपून काजळी धरते, आणि मग अक्रोडाच्या टरफलांचा चुरा जोरात मारून ती खरवडावी लागते (खोटं नाही!). टोयोटाने काही इंजिनांना दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले. बाकीच्यांच्या गाड्यांसाठी हौशी लोकांनी रेसच्या मैदानावरची डबी उचलली. तिथे ती सक्तीची असते, मागच्या गाडीच्या चाकाखाली ऑईल सांडू नये म्हणून. दोन-तीन लिटरची चांगली मोठी टाकीच असते ती. रस्त्यावरच्या गाडीत छोटी डबी नळीच्या मध्ये बसते, आतल्या जाळीवर तुषार थेंब होऊन थांबतो आणि उरलेली वाफ पुढे जाते.

भाच्याला मी सांगितलं ते असं. तुझं इंजिन थेट इंजेक्शनचं आणि टर्बो आहे, तेव्हा डबीत काहीतरी जमेल हे नक्की. काजळी पूर्ण थांबेल याची आशा धरू नकोस, ती व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपणाऱ्या ऑईलनेही होते. माझ्यासारखी जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनची गाडी असती तर पैसे वाचव म्हटलं असतं. शिवाय डबी वेळेवर रिकामी करावी लागते, आणि हा मुलगा आठवड्याची भांडी रविवारी घासतो. भरलेली डबी एका दमात सगळं ऑईल इंजिनाला पाजू शकते. त्यापेक्षा न लावलेली बरी.

एका बाबतीत मात्र मी हटून बसलो आहे. बाजारात स्वस्तातली एक डबी मिळते, तिच्या डोक्यावर छोटा फिल्टर असतो आणि उरलेली वाफ सरळ हवेत सोडतात. इनटेक अगदी स्वच्छ राहतं म्हणून पोरं ती हौसेने लावतात. ती म्हणजे १९६० ची नळीच, फक्त क्रोमची. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला ती चालतही नाही. बंद प्रकारच्या डबीलाही इथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट-क्रमांक लागतो, नाहीतर स्मॉग तपासणीत गाडी नापास होऊ शकते. काही डब्यांना तो मिळालेला आहे, तो लेबलवर छापलेला असतो. भाचा म्हणाला, "मामा, एका गाडीने काय होणार?" यावर मी त्याला शेजारच्या आजोबांकडे चहाला पाठवलं. ते तासभर सोडत नाहीत :)

तो बंद प्रकारचीच बघतोय आता. आधी जुना पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घे म्हटलंय, कारण तोच अडकलेला असेल तर डबी काय करणार. आणि डबीत जमेल ते गटारात ओतायचं नाही. त्यात ऑईल, पाणी आणि पेट्रोल तिन्ही असतं, ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं. आमच्याकडे ते शनिवारी सकाळी उघडं असतं.