कोयता विकतचा, टोळी आपली

आष्ट्याच्या शिवारात उसाचे फड पाहतच मी वाढलो. पुढे गावातल्या मुलांना संगणक शिकवू लागलो, तेव्हा एकाने विचारले, ‘सर, ‘परम’मधले प्रोसेसर इंग्लंडचे होते, तर तो आपला कसा?’ त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही.

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम १० किलोबाइट. प्रोग्रॅम यंत्राच्याच भाषेत, आकड्यांत लिहावा लागे. काय करायचे आणि स्मृतीच्या कोणत्या घरातल्या आकड्यावर करायचे, हे आज्ञेत सांगायचे. यंत्र एक आज्ञा उचलणार, तिचा अर्थ लावणार, ती पार पाडणार आणि मग पुढची घेणार. प्रोग्रॅमिंगचा पाया आजही हाच आहे.

पण एकच कोयता कितीही चपळ असला, तरी एका दिवसात एकरभर फड तुटत नाही. अमेरिकेने महासंगणक देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ जोडले होते. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार दुवे होते. अशा ६४ प्रोसेसरांची ती टोळी.

टोळी म्हटली की मुकादम आला. सऱ्या कोणाला किती वाटायच्या, एकाची मोळी दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून काय करायचे, मागे राहिलेल्यासाठी ट्रॉली किती थांबवायची, हे त्याने पाहायचे. वाटणी चुकली तर ६४ कोयते असूनही निम्मे बसून राहतात. समांतर प्रोग्रॅमिंग म्हणजे हीच मुकादमी, आणि ती पुण्यात घडली.

तरीही मुलाचा प्रश्न खोटा नव्हता. पुढच्या ‘परम ९०००’ आणि ‘परम १००००’ या यंत्रांत स्पार्क जातीचे अमेरिकी प्रोसेसर आले. प्रोसेसर बदलला की त्याच्या आज्ञांचा संच बदलतो. वरच्या भाषेतला प्रोग्रॅम नव्याने भाषांतरित करून घेता येतो. पण जुन्या यंत्राच्या ठेवणीला बेतून लिहिलेला भाग पुन्हा लिहावा लागतो. आज्ञासंच दुसऱ्याचा असेल, तर पुढची दिशाही तोच ठरवतो.

म्हणूनच २०१० साली बर्कले विद्यापीठात सुरू झालेला ‘रिस्क-फाइव्ह’ हा खुला आज्ञासंच मला मोलाचा वाटतो. तो कोणीही वापरावा, त्यासाठी परवाना लागत नाही. त्यावर मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर घडवले.

आता तो मुलगा भेटला तर सांगेन : ‘परम’चा कोयता विकतचा होता, टोळी आणि मुकादमी आपली होती. कोयता घडवायला आपण नंतर बसलो; ते काम अजून चालू आहे, आणि तिथे तुझ्यासारख्यांची गरज आहे.