पणजोबा चेक होते, पण गाव कुठलं? चर्चच्या जुन्या वह्यांतून पूर्वज कसे शोधतात?

टेक्सास, नेब्रास्का किंवा शिकागोतल्या अनेक कुटुंबांना आपल्या मुळांबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते: पणजोबा 'बोहेमिया'तून आले. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग. तेव्हा तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. पण एवढ्यावरून पूर्वज सापडत नाहीत. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी त्या त्या गावच्या चर्चकडे होत्या आणि सगळ्या वह्यांची मिळून एकच नावांची यादी नाही.

म्हणून आधी गाव शोधायचं, आणि ते बहुतेकदा अमेरिकेतच सापडतं. जहाजाच्या यादीत अनेकदा नुसतं 'ऑस्ट्रिया' लिहिलेलं असतं. चेक वस्तीतल्या दफनभूमीत मात्र थडग्यावर जन्मगाव कोरलेलं मिळू शकतं. तेवढ्यानंही भागेलच असं नाही. ल्होता किंवा नोव्हा वेस (म्हणजे 'नवं गाव') नावाची ढीगभर गावं आहेत. शिवाय अनेक ठिकाणांना जर्मन नावही होतं. 'बुडवाइस' म्हणजेच चेस्के बुडेयोवित्से.

वह्यांमध्ये काय असतं?

या वह्यांना चेक भाषेत 'मात्रिकी' म्हणतात. बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम कॅथलिक चर्चनं 1563 मध्ये केला. खरी शिस्त आली ती 1784 मध्ये, सम्राट दुसऱ्या जोसेफच्या आदेशानंतर. जन्म, विवाह, मृत्यू यांचे ठरावीक रकाने आले आणि पाद्री एक प्रकारे सरकारी कारकूनच झाला. घर क्रमांक, धर्ममाता-धर्मपिता, सुईण अशी माहिती त्यात मिळते. 19व्या शतकातल्या जन्मनोंदीत तर आजी-आजोबांचीही नावं दिसू लागतात. म्हणजे एका नोंदीत तीन पिढ्या!

भाषा मात्र बदलत राहते: कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक. एकच माणूस योहानेस, योहान आणि यान अशा तीन नावांनी भेटतो. जुनी जर्मन हस्तलिपी वाचायला सराव लागतो तो वेगळाच.

बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं

इथे भलेभले अडकतात. जुन्या काळी गावात आडनाव अनेकदा शेतघराला चिकटलेलं असे. घरजावई म्हणून आलेला माणूस त्या घराच्या नावानं ओळखला जाई, आणि त्याची मुलंही. बाप नोव्हाक आणि मुलगा द्वोर्झाक दिसला तर ती कारकुनाची चूक असेलच असं नाही. अशा वेळी घर क्रमांकाचा माग काढणं जास्त भरवशाचं. हे क्रमांक 1770च्या दशकात आले. त्याआधीच्या काळासाठी जमिनीच्या वह्या पाहतात. शेत कुणी घेतलं, हप्ते कुणी फेडले, वारसांना किती मिळालं, हे त्यात असतं. कुटुंब खऱ्या अर्थानं कळतं ते इथेच.

वह्या कुठे पाहायच्या?

दक्षिण बोहेमियासाठी त्रेबोन, मोराव्हियासाठी ब्रनो, अशी प्रादेशिक अभिलेखागारं आहेत. बहुतेक जुन्या वह्यांची छायाचित्रं ऑनलाइन मोफत पाहता येतात. अलीकडच्या वह्या मात्र स्थानिक कार्यालयातच राहतात: शेवटच्या नोंदीनंतर जन्माची वही 100 वर्षं, विवाहाची 75 वर्षं.

ज्यू कुटुंबांच्या वह्या वेगळ्या होत्या. त्यातल्या अनेक नाझी काळात नष्ट झाल्या. ज्या वाचल्या, त्यातल्या बहुतेक प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.