सांगोल्याचे आमदार : कै. गणपतराव देशमुख

स्मरणिकेसाठी 'आपल्या भागाचा इतिहास' हा विषय ठरला, तेव्हा बहुतेकींनी देवळे व यात्रा निवडल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली. जुने शिलालेख मला वाचता येत नाहीत. परंतु काही इतिहास मी पाहिला आहे व काही मामंजींच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून आमच्या तालुक्याचे आमदार कै. गणपतराव देशमुख, म्हणजे सर्वांचे आबा, यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

आबा मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. शिक्षणाने वकील. शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६२ साली ते सांगोल्यातून प्रथम निवडून आले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुढे १९६७ सालीही तेच आले. १९७२ साली मात्र त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठविले. १९९५ साली ते पुन्हा पडले आणि १९९९ साली पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी मी लग्न होऊन या तालुक्यात आले. २०१४ साली ते अकराव्यांदा आमदार झाले. दोन वेळा मंत्रिपद मिळाले, परंतु पक्ष त्यांनी कधीच बदलला नाही. एस. टी. ने मुंबईला जाणारे आमदार म्हणून त्यांची ख्याती होती.

आमच्या सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात लहान वयात खडी फोडली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा आबा सभागृहात होते. काम मागणे ही भीक नसून हक्क आहे, हे त्या कायद्याने गरीब बाईलाही दिले. आबांनी सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. नागनाथअण्णा नायकवडींसह आटपाडीच्या पाणी परिषदेत ते दुष्काळी तालुक्यांसाठी झगडले.

तरीही खरे ते लिहावे. पन्नासहून अधिक वर्षे आमदारकी असूनही आमच्या डोक्यावरचा हंडा लवकर उतरला नाही. २००३ साली आमची जनावरे छावणीत होती. कराडजवळ टेंभूला उचललेले कृष्णेचे पाणी इकडे यायला फार वर्षे गेली. मामंजी म्हणत, "आबा सत्तेच्या पक्षात गेले असते तर पाणी आधी आले असते." सासूबाईंना हे पटत नसे. दोघांचा हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मलाही त्याचा निकाल देता येत नाही.

आता एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. मागे एका निवडणुकीत आमच्या आळीत घरोघर साड्या वाटल्या. मीही घेतली. सासूबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "आबांच्या विलेक्शनला आम्ही ज्वारी इकून वर्गणी दिली. ज्याला आपण दिलं, त्याला जाब इचारता येतो. ज्याचं घेतलं, त्याला कसा इचारशील?"

मी म्हटले, "आत्या, साडीच तर आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पुढे उन्हाळ्यात टँकर आठ आठ दिवस येईना. आम्ही दहाजणी निवडून आलेल्या माणसाकडे गेलो. सर्वांच्या वतीने बोलायचे मलाच होते. त्याने हसून विचारले, "साडी आवडली का, वहिनी?" माझ्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आबांनी २०१९ साली निवडणूक लढविली नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले. सूतगिरणीच्या आवारात त्यांना अग्नी दिला. सासूबाईंना तेथे नेता आले नाही. त्या दिवसभर उंबऱ्यात बसून होत्या.

ती साडी अजून माझ्या ट्रंकेत आहे. तिची घडी मी मोडलेली नाही. आपल्या मंडळाकडे माझे एवढेच मागणे आहे की, पुढच्या निवडणुकीआधी एक सभा घ्यावी, आणि कोणाच्या हातची साडी घ्यायची नाही असे आपण सर्वांनी मिळून ठरवावे. पहिला हात मी वर करीन.