आधी डुकराने सांगितले

इतिहासाच्या प्राध्यापकाने डुकरांच्या दाणावैरणीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. इतिहास म्हटला की तह, लढाया, सनावळ्या! पण धान्यावर येणाऱ्या बुरशीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या नव्या मुंबईच्या दाराशी येऊन पोचला आहे. मुंबईचा जुना दाणाबाजार मशीद बंदराकडून खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला आला. 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. देशावरचा मका, शेंगदाणा, पेंड या दोन दारांतून आत येतात आणि बाहेर जातात. त्यांतला कोणता दाणा कोणत्या दारातून जातो, हे ठरवण्यात एका अदृश्य विषाचा मोठा हात आहे.

या विषाची कथा पुस्तकांत बहुधा अशी सांगतात. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची पिल्ले धडाधड मरू लागली. एका हंगामात लाखावर पिल्ले गेली. रोग ओळखू येईना, म्हणून त्याचे नावच ‘एक्स’ रोग ठेवले. गणितात आपण अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतो ना, तसे. शोध घेता घेता संशय खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवर आला. ही पेंड ब्राझीलहून आली होती. पेंडीचा अर्क काढून जंबुपार किरणांखाली, ज्यांना हल्ली अतिनील म्हणतात त्यांच्याखाली, धरला तेव्हा त्यात निळी आणि हिरवी चमक दिसली. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ नावाच्या बुरशीने हे विष केले होते. त्या नावातलाच ‘अ’ आणि ‘फ्ला’ घेऊन विषाचे बारसे झाले: अफ्लाटॉक्सिन.

कथा खरी आहे. पण तिचा आरंभ टर्कीपासून करणे म्हणजे पानिपतचा इतिहास विश्वासरावांना गोळी लागली तेथून सांगण्यासारखे आहे. डुकरे हे फार आधीपासून सांगत होती.

1928 हे साल पाहा. त्या साली अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातील पशुवैद्यांनी एक विचित्र रोग नोंदवला. बुरसलेला मका खाणाऱ्या लहान वयाच्या माद्या, अजून माजावर येण्याचे वय नसताना, माजावर आल्यासारख्या सुजत होत्या. त्याच साली डेन्मार्कमध्ये डुकरांच्या मूत्रपिंडाच्या एका रोगाचा संबंध बुरशी लागलेल्या राय धान्याशी जोडला गेला. कत्तलखान्यात मांस तपासणाऱ्यांना फिकट, सुजलेली मूत्रपिंडे दिसत होती. कारण दोन्हीकडे समोर होते, पण विष हाती लागायला एका पिढीहून अधिक काळ गेला. आयोवाच्या रोगामागचे झिअरालेनोन 1962 साली वेगळे काढले, आणि डेन्मार्कच्या रोगामागचे ऑक्राटॉक्सिन 1965 साली, तेही दूर दक्षिण आफ्रिकेत, सापडले.

आणि अफ्लाटॉक्सिन? 1957 साली अमेरिकेच्या आग्नेय भागातील पशुवैद्यांनी बुरसलेल्या मक्याने मेलेल्या डुकरांवर निबंध प्रसिद्ध केला. मक्यावरच्या बुरशा त्यांनी वेगळ्या वाढवल्या, निरोगी डुकरांना खाऊ घातल्या आणि तोच रोग उभा करून दाखवला. त्या बुरशांत ॲस्परजिलस फ्लेव्हस होती! टर्की मरायला अजून तीन वर्षे होती. मग हा निबंध गाजला का नाही? माझ्या मते याचे उत्तर शास्त्रात नाही, बाजारात आहे. शेतात पडलेला मका खाऊन काही शेतकऱ्यांची डुकरे मेली, हे त्या शेतकऱ्यांचे नशीब ठरले. लाखभर टर्की मेल्या तेव्हा मात्र पेंडीचा सारा आंतरराष्ट्रीय व्यापार धोक्यात आला. ब्राझीलच्या त्याच पेंडीने इंग्लंडात डुकरांची यकृतेही खराब झाली होती आणि 1961 साली तशी नोंदही झाली, पण नाव राहिले ते टर्कीचेच.

डुकरालाच हे विष इतके का बाधते? गाय-म्हैस रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू काही विषे मोडून टाकतात. (सगळी नव्हे, अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधातही उतरतो.) डुकराला हा कप्पा नाही, ते या बाबतीत आपल्यासारखेच. पिल्लांना तर फारच लवकर बाधा होते. विष थोडे असले तर मरण येत नाही. खाणे कमी होते, अंग धरत नाही, केस राठ होतात. जास्त असले तर कावीळ, अंतर्गत रक्तस्राव, यकृत निकामी. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट अशी की रोगाशी झुंजण्याची ताकद आधीच खचते. मग जनावर दुसऱ्याच कुठल्या साथीने जाते, आणि मालक दोष देतो त्या साथीला. खाद्य उकळून दिले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. बुरशी उकळण्याने मरते, पण तिने करून ठेवलेले विष त्या उष्णतेला दाद देत नाही.

आता आपल्याकडे या. पंचवार्षिक योजनांच्या काळात परदेशी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरे आणून पैदास सुरू झाली. बोरिवलीला सरकारी बेकन कारखाना होता. अशा जनावराला उकिरड्यावर सोडून भागत नाही. त्याला प्रथिने हवीत, आणि स्वस्त प्रथिने म्हणजे भुईमुगाची पेंड. पेंडीची गोम अशी की दाण्यातले विष तेलात फार थोडे जाते. तेल शुद्ध करताना तेही निघून जाते. उरते ते पेंडीत. 1965 साली आंध्रातल्या मुऱ्हा म्हशींना याच पेंडीतून विषबाधा झाल्याची नोंद आहे.

1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत काढणीच्या वेळी अवेळी पाऊस पडला. मका भिजला आणि बुरसला. आदिवासी घरांत दुसरे धान्य नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि शंभरावर माणसे दगावली. त्या गावांतल्या कुत्र्यांनाही तोच रोग झाला होता. एकाच घरचा मका दोघांनी खाल्ला होता.

आजची स्थिती अशी. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन चालते. किलोत शंभर कोटी मायक्रोग्रॅम असतात हे ध्यानात घ्या. आपल्या कायद्याची मर्यादा याहून सैल आहे. म्हणून युरोपला जायचा दाणा निवडतात, तपासतात, दाखला मिळवतात, आणि मग तो बोटीवर चढतो. यात गैर काही नाही. पण निवडीत बाजूला पडलेला सुरकुतलेला, काळसर, फुटका दाणा समुद्रात तर कोणी टाकत नाही! तो स्वस्त होतो आणि घाण्याची वाट धरतो. त्याची पेंड होते आणि ती गोठ्यात, खुराड्यात, डुकरांच्या वाड्यात पोचते. परदेशच्या माणसासाठी कडक केलेली चाळणी इथल्या जनावराच्या पुढ्यात नेमका गाळ आणून ठेवते. हे कोणी ठरवून केलेले नाही. दोन दरांमधल्या फरकाने ते आपोआप घडते.

त्यात आपली हवा. मक्यात शेकडा 13-14 पेक्षा जास्त ओल राहिली की बुरशीला रान मोकळे. पावसाळ्यात खाडीकाठच्या गोदामात कोरडी आलेली गोणीही हवेतली ओल पिते. भिंतीला टेकलेली आणि फरशीवर ठेवलेली गोणी सर्वांत आधी. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर गोणी रचण्याची जुन्या दाणेवाल्यांची पद्धत याचसाठी आहे. पनवेल-उरणकडे कोणी दहा-वीस डुकरे पाळत असेल तर तो पेंड घेताना मूठभर हातात घेऊन वास घेतो. वास बुरशीचा येतो, विषाचा येत नाही. वरची बुरशी झाडून, उन्हात वाळवून, दळून आणलेल्या पेंडीला कसलाच वास नसतो. विष मोजणाऱ्या चाचण्या आज आहेत, आणि स्वस्तही झाल्या आहेत. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या मालाला त्या लागतात. तुर्भ्याहून टेंपोत घातलेल्या चार गोणी पेंडीपाशी त्या कोणी मागत नाही.