शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणीसूची

ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाला भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, अशी तीनदा मोठ्याने वाचून पडताळायची एका पानाची यादी. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व बॉस्टनमधील शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी केले; त्यांचे वडील आत्माराम हे मूळचे विदर्भातील.

पहिल्या टप्प्यात रुग्ण जागा असतानाच त्याचे नाव, संमती, शस्त्रक्रियेची बाजू आणि औषधांची ॲलर्जी विचारली जाते. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला हवा. ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव संभवत असेल, तर सलाईन व रक्ताची तयारी आधीच करायची. दुसऱ्या टप्प्यात थिएटरमधला प्रत्येक जण आपले नाव व काम सांगतो. ही नुसती औपचारिकता वाटते, पण एकदा तोंड उघडलेली व्यक्ती पुढे गडबड दिसल्यास बोलायला कचरत नाही. छेदापूर्वीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का, हेही याच वेळी विचारतात.

तिसरा टप्पा मोजणीचा. मॉप (रक्त टिपायचे कापड), सुया आणि हत्यारे यांचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा जुळलाच पाहिजे. एक मॉप कमी भरला, तर जखम, चादरी, बादल्या, जमीन असे सारे धुंडाळतात. तरीही सापडला नाही, तर एक्स-रे काढतात. त्यासाठीच मॉपमध्ये क्ष-किरणांत उमटणारा धागा विणलेला असतो. पोटात राहिलेला मॉप कित्येक महिने गाठीसारखा भासू शकतो आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर यावे लागते. म्हणून मोजणीच्या वेळी सिस्टरचा शब्द सर्जनच्या घाईपेक्षा वरचा मानला पाहिजे. तपासणीला पाठवायच्या ऊतीच्या तुकड्यावरील रुग्णाचे नावही याच टप्प्यात मोठ्याने वाचतात.

दिल्ली, मनिला, अम्मान, टांझानियातील इफाकारा, लंडन, टोरांटो, सिॲटल व ऑकलंड येथील आठ रुग्णालयांत १९ मुद्द्यांची यादी वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ वर आले. श्रीमंत आणि गरीब, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत फरक दिसला, ही त्यातली मोलाची गोष्ट.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मात्र १०१ रुग्णालयांचा २०१४ मधील अभ्यास निराळे सांगतो. तेथे जवळजवळ सर्वत्र यादी भरली जात असूनही मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. चौकोनांत खुणा करून कागद फाइलला लावला की यादी वापरली असे होत नाही. ती वाचताना हातातले काम थांबले पाहिजे, उत्तरे ऐकू आली पाहिजेत आणि शंका असल्यास छेद लांबणीवर टाकण्याचा अधिकार वाचणाऱ्या सिस्टरला आहे, हे सर्जनने आधीच मान्य केलेले असले पाहिजे. स्थानिक गरजेप्रमाणे यादीत भर घालण्यास संघटनेने मुभा दिली आहे.