‘टँकवाला गेम’ कोणत्या खणात? संगणकीय खेळांच्या वर्गीकरणाची गोष्ट

१/१५
नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या कोणालाही ‘टँकवाला गेम’ म्हटले की विटांच्या भिंती, मधला गरुड आणि वरच्या बाजूने येणारे रणगाडे आठवतात. तोच खेळ जुन्या खेळांच्या ऑनलाइन सूचीत ‘टँकवाला गेम’ या नावाने शोधला, तर मात्र सापडत नाही. असे का घडते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/१५
आरंभ मरोळपासून करू. मरोळच्या सीमेलगत १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. प्रारंभी ते केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी होते. तिथे तयार होणारा माल परदेशी जाई. कुंपणापलीकडच्या घरांत संगणक येण्यास मात्र पुढे अनेक वर्षे लागली.

३/१५
ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते. संख्यात्मक निर्बंधांपैकी शेवटचे एप्रिल २००१ मध्ये उठले. त्यामुळे जपानी निन्टेंडोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची ओळख आपल्याकडे बहुतांशी त्याच्या नकलांमधून झाली. एकाच कॅसेटमध्ये शेकडो, कधी लाखो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. प्रत्यक्षात तेच मोजके खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत.

४/१५
‘टँकवाला गेम’ म्हणजे नामको कंपनीचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. फॅमिकॉमवर तो अधिकृतपणे जपानमध्येच प्रकाशित झाला. नकली यंत्रांच्या यादीत कित्येकदा ‘टँक १९९०’ या नावाची त्याची फेरफार केलेली आवृत्ती दिसे. म्हणजे वस्तू एक, नावे तीन, आणि अधिकृत नोंदीत भारताचा मागमूस नाही.

५/१५
नावाचा गोंधळ इथेच संपत नाही. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या त्या चौकोनी डबीला ‘कॅसेट’ म्हणत. पण १९८०च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्याने आणलेल्या ‘स्पेक्ट्रम’ संगणकाचे खेळ खऱ्याखुऱ्या ध्वनिफितीवर, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटवरच येत. तेव्हा ‘कॅसेटवर खेळायचो’ असे कोणी सांगितले, तर संशोधकाने पहिला प्रश्न विचारावा: कोणती कॅसेट?

६/१५
आता ‘प्रकार’ या संकल्पनेकडे वळू. ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणकीय खेळांचे दोन मोठे वर्ग केले: कौशल्य व कृतीचे खेळ आणि व्यूहरचनेचे खेळ. प्रत्येकाचे उपवर्ग पाडले. ही विभागणी लवकरच अपुरी पडू शकेल, हेही त्यांनी तिथेच नोंदवून ठेवले.

७/१५
झालेही तसेच. त्यांच्या उपवर्गांत ‘पॅडलचे खेळ’ असा एक स्वतंत्र वर्ग होता, कारण ‘पाँग’ आणि त्याची भावंडे तेव्हा सुपरिचित होती. आज हा वर्ग कोणाच्या ओठी नाही. उलट आज सर्वतोमुखी असलेल्या ‘फर्स्ट पर्सन शूटर’ला त्या यादीत जागाच नव्हती.

८/१५
‘डूम’ हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्यानंतरची काही वर्षे तशा धाटणीच्या खेळांना सरसकट ‘डूमच्या नकला’ म्हणत. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ हे नाव पुढे रूढ झाले. म्हणून १९९४ सालच्या नियतकालिकांत आजचा शब्द घेऊन शोधणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो. खेळ तिथे असतात, पण ते आपल्या काळातील नावाने वावरत असतात.

९/१५
मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले होते आणि त्यांची मांडणी कारभाराच्या सोयीने झालेली होती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते विषयवार. एकाच पत्रात मोहिमेची वार्ता, कर्जाची चिंता आणि घरातील आजारपण असेल, तर ते कोणत्या खंडात घालायचे? खंड एकच निवडावा लागतो आणि उरलेले विषय झाकले जातात.

१०/१५
या कोंडीवर उपाय शोधणाऱ्यांत एक भारतीय अग्रणी होते: शियाळी रामामृत रंगनाथन. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी ‘मेकानो’ हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या व स्क्रू वेगवेगळ्या रीतीने जोडून हवी ती वस्तू उभी करता येत होती.

११/१५
ग्रंथांचे विषयही असेच सुट्या भागांनी जोडता येतील, हे सूत्र त्यांना गवसले. १९३३ साली त्यांचे ‘द्विबिंदू वर्गीकरण’ प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी पाच मूलभूत पैलू निश्चित केले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. आधीच तयार असलेल्या खणात ग्रंथ कोंबण्याऐवजी त्याचे पैलू ओळखायचे आणि त्यांतून त्याचा क्रमांक रचायचा. एका खेळण्याने ग्रंथालयशास्त्राला दिलेली ही देणगी होय.

१२/१५
सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १० अवतार, प्रत्येकाची १२ पाने, एकूण १२० पाने. हिला पत्त्यांचा खेळ म्हणावे, चित्रकला म्हणावे की धार्मिक वस्तू? एकच खण असेल, तर वाद अटळ. पैलू असतील, तर तिन्ही उत्तरे एकत्र नांदतात आणि तिन्ही वाटांनी गंजिफा सापडते.

१३/१५
‘मोबीगेम्स’ हा खेळांचा माहितीसंच १९९९ साली सुरू झाला. त्यात मूळ प्रकाराखेरीज दृष्टिकोन, गती, पार्श्वभूमी, कथाविषय अशा निरनिराळ्या अंगांनी नोंदी केल्या जातात. ‘वरून दिसणारा’, ‘युद्धाचा’, ‘१९८५ सालचा’ या तीन गाळण्या एकावर एक लावल्या की नाव ठाऊक नसलेला खेळही हळूहळू नजरेच्या टप्प्यात येतो. शोधाची ही रीत थेट रंगनाथनांच्या विचारकुळातील आहे.

१४/१५
तरीही एक पोकळी उरते. प्रकाशनस्थळ हा पैलू अधिकृत प्रकाशनावर उभा असतो. मुंबईच्या ‘इंडियागेम्स’ने १९९९ साली काढलेला ‘योद्धा’ किंवा पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’चा २०२० सालचा ‘राजी’ अशा सूचीत भारताच्या नावावर लागू शकतो. ‘बॅटल सिटी’ लागत नाही, कारण तो इथे कोणी रीतसर प्रकाशितच केला नाही. सूचीवरच विसंबणारा उद्याचा इतिहासकार म्हणेल की हा खेळ भारतात आलाच नव्हता. एका अख्ख्या पिढीचे बालपण असे एका रिकाम्या रकान्यात हरवते.

१५/१५
इथे तुमचे काम सुरू होते. घरातील मामा, काका, आत्या, ताई यांना विचारा: खेळाला काय म्हणायचात, यंत्रावर कोणते नाव होते, कुठून घेतले, कोणत्या साली? ‘गाडीचा’, ‘विमानाचा’, ‘मारामारीचा’ हीदेखील वर्गवारीच आहे, आणि ती मुलांनी स्वतः केलेली आहे. माळ्यावरील कॅसेटच्या चिकटपट्टीचे छायाचित्र काढून ठेवा. त्याखाली ही नावे जशी ऐकली तशीच, ठिकाण आणि सालासह लिहा. अशी नोंद असली, तरच ‘टँकवाला गेम’ शोधणाऱ्याला उद्या ‘बॅटल सिटी’ सापडेल आणि ‘बॅटल सिटी’ शोधणाऱ्याला मरोळ.